क्लस्टरवर दिसते, पण कानावर येत नाही: पुण्यातून स्पॉटचा उपयोग नेमका कसा करावा?

कोथरूडचा नवा श्रोता (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. हौशी रेडिओचा (हॅमचा) जनरल ग्रेडचा परवाना हाती येऊन मला दीड वर्ष झाले आहे. सेट, म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ, शंभर वॅटचा आहे आणि ॲन्टेना म्हणजे आमच्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला बांधलेल्या बांबूवरून दोन्ही बाजूंना उतरवलेला २० आणि ४० मीटर बँडचा (१४ आणि ७ मेगाहर्ट्झचा) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीसारखी तार. संध्याकाळी लिफ्ट, शेजाऱ्यांचे एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांच्या गोंगाटाने सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा सहावर टेकलेलाच असतो. तीन महिन्यांपूर्वी एका मित्राने लॉगिंगच्या (संभाषणांची नोंद ठेवण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये डीएक्स क्लस्टर जोडून दिला, म्हणजे कोणते दूरचे (डीएक्स) स्टेशन कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू येते याच्या जगभरातून येणाऱ्या नोंदींची, अर्थात स्पॉटची, यादी; आणि तेव्हापासून माझी सगळी संध्याकाळ त्या सरकत्या यादीवर टिचक्या मारण्यात जाते. यादीत फिजी असते, अलास्का असते, कॅरिबियन बेटे तर रोजच असतात. टिचकी मारली की सेट त्या फ्रिक्वेन्सीवर जातो आणि तिथे मला फक्त खरखर ऐकू येते. शंभरातले सात-आठ स्पॉट ऐकू आले तरी तो दिवस चांगला म्हणायचा.

गेल्या आठवड्यात तर फजितीच झाली. रात्री साडेनऊच्या सुमारास ७ मेगाहर्ट्झच्या सीडब्ल्यू (मोर्सच्या) भागात '४यू२' ने सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचे ओळखनाव, यादीत झळकले. ४यू हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्टेशनांचा प्रीफिक्स आहे आणि जिनिव्हाच्या ४यू१आयटीयूचे नाव मी वाचलेले होते, त्यामुळे हे त्यांचेच एखादे विशेष स्टेशन असावे अशी मी मनाशी समजूत करून घेतली. सिग्नल खणखणीत होता. पहिल्याच हाकेला उत्तर मिळाले, मी ५९९ (सिग्नल उत्तम) दिले, त्यांनीही दिले, आणि मी आनंदाने लॉगमध्ये नवा देश लिहून टाकला. मग समोरच्या ऑपरेटरने सावकाश विचारले, की आपण पुण्याहून बोलता आहात तर मराठी येत असेलच, नाही का? ते गृहस्थ बेंगळुरूचे होते आणि त्यांचे कॉलसाइन साधे भारतीय व्हीयू२ होते.

माझे प्रश्न असे आहेत. यादीतल्या कोणत्या स्पॉटवर विश्वास ठेवावा आणि कोणत्या नाही, हे कशावरून ठरवायचे? भारतातून ऐकू येण्याजोगेच स्पॉट दिसावेत अशी काही सोय करता येते का? आणि शेवटचा प्रश्न जरा बिचकतच विचारतो: मी सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) देत असताना स्वतःचाच स्पॉट क्लस्टरवर टाकला तर ते शिष्टाचाराला धरून होईल का?

टिकटिक, सांगली

आपल्या फजितीचे कारण मोर्समध्येच दडलेले आहे. 'व्ही' म्हणजे तीन डिट (आखूड ठोके) आणि एक डॅश (लांब ठोका). 'चार' म्हणजे चार डिट आणि एक डॅश. विजेच्या कडकडाटाचा एखादा ठोका 'व्ही'च्या बरोबर आधी पडला की तोच एक जास्तीचा डिट होतो आणि व्हीयूचे ४यू होते. आपल्या देशाच्या प्रीफिक्सलाच हा शाप आहे म्हणा ना. 'एच' आणि 'पाच', 'बी' आणि 'सहा' या जोड्यांमध्येही फरक फक्त एका डिटचा असतो. माणसाच्या कानाला लय समजते, म्हणून तो सहसा फसत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक ठोका सारखाच वाटतो.

आपण पाहिलेल्या ओळीच्या शेवटी डेसिबलचा आकडा, शब्दांचा वेग आणि 'सीक्यू' अशी टीप होती का, ते आठवून पाहा. असल्यास तो स्पॉट माणसाने पाठवलेला नव्हता; तो रिव्हर्स बीकन नेटवर्क या जाळ्यातल्या एखाद्या स्किमरचा, म्हणजे मोर्स आपोआप वाचून स्पॉट पाठवणाऱ्या यंत्राचा, होता. अशा ओळींबाबत माझा एक साधा नियम आहे: निरनिराळ्या ठिकाणच्या दोन-तीन स्किमरनी तेच कॉलसाइन दिले असेल तरच मी मान वर करून पाहतो. एकट्यादुकट्या स्किमरचा चमत्कारिक स्पॉट दहापैकी नऊ वेळा एखाद्या ओळखीच्याच स्टेशनचा निघतो.

आणि रागावू नका, पण लॉगमध्ये नोंद करण्याआधी आपण त्यांचे कॉलसाइन स्वतःच्या कानांनी एकदाही ऐकले नाही, हे आपल्याच लिहिण्यावरून दिसते. ५९९ ऐकले, आपले कॉलसाइन ऐकले, आणि त्यांचे मात्र पडद्यावरून उतरवून घेतले. डीएक्ससाठीची जी आचारसंहिता जगभर मानली जाते तिच्यात पहिले सांगणे ऐकण्याचे आहे आणि त्यानंतर लगेचच, क्लस्टरवर विसंबू नका, हाक मारण्याआधी कॉलसाइनची स्वतः खात्री करा, असे सांगितलेले आहे. स्पर्धेत तर चुकीच्या कॉलसाइनची नोंद कापली जाते आणि कित्येक स्पर्धांत वर दंडाचे गुणही जातात.

घाटमाथा

मी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण माझी पहिली दोन वर्षे त्याच्याच पायी वाया गेली.

स्पॉटची ओळ आपण उजवीकडून डावीकडे वाचायची सवय करावी. शेवटी वेळ असते आणि ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. १६०० झेड असे लिहिलेले दिसले तर आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. वीस मिनिटांपूर्वीचा स्पॉट शिळा समजावा, विशेषतः सूर्योदयाच्या किंवा सूर्यास्ताच्या सुमाराला, कारण त्या वेळी लहरींचा मार्ग उघडतो आणि पंधरा मिनिटांत मिटतोही. मग टीप वाचावी, मग दूरच्या स्टेशनचे कॉलसाइन, मग फ्रिक्वेन्सी, आणि डावीकडे सगळ्यात आधी छापलेले, पण बहुतेकांच्या नजरेतून निसटणारे नाव म्हणजे स्पॉट पाठवणाऱ्याचे. खरी गोम तिथे आहे. ओहायोतल्या माणसाने बार्बाडोस ऐकले यात पुण्यातल्या माणसाने हुरळून जाण्यासारखे काहीच नाही. मस्कत, कोलंबो किंवा बँकॉकहून कोणी बार्बाडोस ऐकले असेल, तर मात्र हातातला चहा खाली ठेवावा.

म्हणून गाळणी लावायची ती दूरच्या स्टेशनवर नाही, पाठवणाऱ्यावर. सीक्यू नावाच्या मासिकाच्या झोनपद्धतीत (जगाचे क्रमांक दिलेले विभाग) भारत, श्रीलंका, मालदीव, नेपाळ आणि बांगलादेश २२व्या झोनमध्ये येतात; आखातातले देश, पाकिस्तान आणि इराण २१व्यात, आणि थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम २६व्यात. (आपले अंदमानही २६व्यात मोडते, लक्षद्वीप मात्र २२व्यातच.) बहुतेक क्लस्टर डीएक्सस्पायडर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात आणि त्यात पाठवणाऱ्याच्या झोनची गाळणी वेगळी, तर ज्याचा स्पॉट आहे त्याच्या झोनची वेगळी असते. नवशिक्यांची हमखास चूक इथे होते: ते दुसरी गाळणी लावतात आणि मग पडद्यावर फक्त भारतीय स्टेशनेच का दिसतात म्हणून डोके खाजवत बसतात. मी स्वतः केली आहे, म्हणून सांगतो.

आता यातली अडचणही सांगायला हवी. या तीन झोनमधून स्पॉट पाठवणारे लोक फार थोडे आहेत. एवढीच गाळणी ठेवली तर पडदा तासन्तास कोरा राहतो आणि बँड मेला आहे असे वाटू लागते. मी संध्याकाळी त्यात २० वा झोन मिळवतो, म्हणजे तुर्कस्तान, इस्रायल, सायप्रस, ग्रीस, रोमानिया ही मंडळी येतात. सकाळी पूर्वेकडे लक्ष असते तेव्हा २४ वा, म्हणजे चीनचा मोठा भाग, तैवान आणि हाँगकाँग. पूर्व आफ्रिकेचा ३७ वा झोन मी कायम उघडाच ठेवतो. स्पॉट कमी असतात, पण तिकडच्या माणसाला जे ऐकू येते ते आपल्यालाही ऐकू येण्याची शक्यता बरीच असते.

गोंगाटाचा हिशेबही एकदा मांडून पाहा. आपला काटा सहावर असतो असे आपण म्हणता. एखाद्या खेड्यातल्या शांत जागी तो एकवर असतो. पाच एस-युनिटांचा फरक, दर युनिटाला सहा डेसिबल, म्हणजे एकूण तीस डेसिबल. शक्तीच्या भाषेत हजारपट. त्या खेड्यातल्या माणसाला शंभर वॅटचे जे स्टेशन जेमतेम ऐकू येते, ते आपल्याला तितकेच ऐकू यायचे तर त्या बिचाऱ्याला एक लाख वॅट लावावे लागतील. तेव्हा शंभरातले सात-आठ ऐकू येतात ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे; त्या बांबूला नमस्कार करण्याजोगी आहे. गच्चीवरून केबल जिथे घरात शिरते तिथे गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यांतून पाच-सहा वेढे घेऊन पाहा आणि लिफ्टची मोटर ज्या टोकाला आहे तिथून ॲन्टेनाचे टोक दूर वळवून पाहा. मला यातून दीड एस-युनिट मिळाले. स्पॉटची संख्या दुप्पट करण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचे ठरले.

फ्रँकफुर्टकर

मी मूळचा नाशिकचा. इथे माझ्या घरी रिव्हर्स बीकन नेटवर्कसाठी एक रिसीव्हर दिवसरात्र चालू असतो, तेव्हा टिकटिक यांनी ज्याला यंत्र म्हटले त्याच्या बाजूने दोन शब्द बोलण्याचा हक्क मला आहे असे समजतो. माझा स्किमर एकाच वेळी कित्येक बँडचा सीडब्ल्यू भाग ऐकतो आणि मुख्यतः सीक्यू देणारी स्टेशने उचलतो. तो दमत नाही, झोपत नाही आणि कोणाची भीड धरत नाही. पण समोरचे स्टेशन आपल्या फ्रिक्वेन्सीच्या किती वर ऐकते आहे, हे त्याला कळत नाही आणि कडकडाटातला डिट खरा की खोटा हेही कळत नाही. आपल्या ४यू२च्या गोष्टीत माझ्यासारख्याच कोणाचे तरी यंत्र दोषी असणार, त्याबद्दल दिलगीर आहे.

मात्र या जाळ्याचा उत्तम उपयोग आपण लिहिला आहे त्याच्या अगदी उलट दिशेने आहे. दुसऱ्याला शोधायला वापरू नका; स्वतःला शोधायला वापरा. ७ किंवा १४ मेगाहर्ट्झवर, मोकळी जागा पाहून आणि ती मोकळी आहे का हे आधी विचारून, स्वच्छ हाताने तीन-चार वेळा सीक्यू द्या आणि मग रिव्हर्स बीकनच्या संकेतस्थळावर आपले कॉलसाइन शोधा. कोणत्या देशातल्या किती स्किमरनी आपल्याला किती डेसिबलवर ऐकले, ते मिनिटाभरात समोर येते. मग एखादा स्पॉट पाहून मार्ग उघडा आहे की नाही याचे तर्क लढवत बसण्याची गरज उरत नाही. मला भारतातून येणारे सिग्नल हिवाळ्यात ४० मीटरवर आपल्या रात्री उशिरा फार छान मिळतात आणि त्यांतले कित्येक लोक सीक्यू देऊन, उत्तर आले नाही म्हणून सेट बंद करून जातात. त्यांनी ही नोंद पाहिली असती तर आणखी दहा मिनिटे बसले असते.

ॲन्टेनाची तुलनाही याने होते. इन्व्हर्टेड व्हीवर एकदा आणि दुसऱ्या एखाद्या तारेवर एकदा, पाच मिनिटांच्या आत, तेवढ्याच वॅटवर सीक्यू द्यावे आणि त्याच स्किमरचे आकडे शेजारी मांडावेत. दुसऱ्या वेळी फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झभर सरकवावी, कारण त्याच जागेवर तेच कॉलसाइन लगेच पुन्हा नोंदवले जात नाही. एका जोडीवरून निष्कर्ष काढू नये. सिग्नल मुळातच वरखाली होत असतो. आठ-दहा जोड्या जमल्या की चित्र स्पष्ट होते.

एफटी८ (संगणकाने पाठवायची-वाचायची डिजिटल पद्धत) वापरत असाल तर पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाचा नकाशा हेच काम करतो, आणि तिथे भारताच्या आसपासचे श्रोतेही बरेच असतात. पण एक सावधगिरी बाळगावी. एफटी८ उणे वीस डेसिबलपर्यंतचे सिग्नल वाचतो, म्हणजे कानाला तिथे काही आहे असा संशयसुद्धा येणार नाही इतके क्षीण. आवाजाने बोलायचे तर सिग्नल गोंगाटाच्या बराच वर असावा लागतो. त्यामुळे नकाशावर ब्राझीलचा ठिपका उमटला म्हणून मायक्रोफोन हाती घेऊन ब्राझीलला हाका मारत बसलात, तर घसा बसेल. शिवाय रिव्हर्स बीकनचे डेसिबल आणि एफटी८चे डेसिबल एकाच मोजपट्टीवरचे नसतात, त्यांची आपसात तुलना करू नये.

निवृत्त ऑपरेटर, रत्नागिरी

वरची उत्तरे वाचली. सगळी बरोबर आहेत आणि तरीही मला एक हरकत नोंदवायची आहे. प्रश्नकर्ते चिरंजीव सांगतात की संध्याकाळभर यादीवर टिचक्या मारतात. या तीन महिन्यांत त्यांनी डायल हाताने किती वेळा फिरवला, हे कोणी विचारले नाही.

क्लस्टर काही आकाशातून पडलेला नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एके१ए या हौशी ऑपरेटरने पॅकेटक्लस्टर हे सॉफ्टवेअर लिहिले, तेव्हा हे सगळे दोन मीटरच्या पॅकेट रेडिओवर (रेडिओने जोडलेल्या संगणकांवर) चालत असे; म्हणजे एका गावाच्या आसपासचे लोक एकमेकांना सांगत, की अमुक ठिकाणी अमुक बोलतो आहे. सांगणारा आणि ऐकणारा शेजारी असत, म्हणून एकाला ऐकू आलेले दुसऱ्याला ऐकू येत असे. इंटरनेटने ती वेस मोडली आणि साऱ्या जगाचे कान एकाच यादीत ओतले. घाटमाथा ज्या गाळण्या सांगतात त्या म्हणजे मोडलेली वेस पुन्हा बांधण्याचाच उद्योग आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओच्या वतीने भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय आणि व्हीयू४एनआरओ ही स्टेशने सुरू झाली, तेव्हा अंदमानसाठी साऱ्या जगाने रांग लावली होती. (२६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि याच मंडळींनी सगळी रांग बाजूला सारून आपत्तीचे निरोप पोहोचवले, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.) मी तेव्हा क्लस्टर उघडला नव्हता. २० मीटरवर सावकाश डायल फिरवताना एके ठिकाणी मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा घोंगाट ऐकू आला, तेव्हाच समजले, की याच्या दोन-चार किलोहर्ट्झ खाली कोणीतरी मोठे माणूस बसले आहे. पाइल-अप, म्हणजे एकाच स्टेशनला हाका मारणाऱ्यांची गर्दी, कानाने ओळखता येतो. त्याला स्पॉट लागत नाही.

आणि स्पॉट पडल्यावर काय होते, तेही सांगतो. दुर्मिळ स्टेशनचा स्पॉट यादीत आला की अर्ध्या मिनिटात शेकडो लोक टिचकी मारतात. टिचकीने सेट त्या स्टेशनच्या फ्रिक्वेन्सीवर येतो, पण कित्येक सेटवर स्प्लिट (ऐकायची एक आणि बोलायची दुसरी फ्रिक्वेन्सी) काही आपोआप लागत नाही. ते स्टेशन 'अप' म्हणते आहे, म्हणजे दोन ते पाच किलोहर्ट्झ वर ऐकते आहे, आणि हे शूर वीर त्याच्याच डोक्यावर हाका मारत सुटतात. मग दुसरे शूर वीर त्यांना 'अप, अप' असे ओरडून समजावतात, आणि त्या समजावण्याखाली ते स्टेशन पुरते गाडले जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बूवे बेटावरून ३वाय०जे हे स्टेशन चालू होते. नॉर्वेचे ते निर्मनुष्य, बर्फाळ बेट. हवामानाने त्या लोकांना मोठा तळ उभारू दिला नाही आणि थोड्याशा सामग्रीवर त्यांना काम रेटावे लागले. सिग्नल आधीच क्षीण, त्यावर हा गोंधळ. तीन दिवस मला ते स्टेशन मिळाले नाही. चौथ्या दिवशी मी हाक न मारता वीस मिनिटे फक्त ऐकले: तो ऑपरेटर कोणाला उत्तर देतो आणि ती व्यक्ती कुठे हाक मारत होती, हे दुसऱ्या व्हीएफओवर (सेटच्या दुसऱ्या ट्यूनिंगवर) शोधत राहिलो. तो प्रत्येक उत्तरानंतर थोडा वर सरकत होता आणि एका मर्यादेपर्यंत गेला की पुन्हा खाली येत होता. एवढे कळल्यावर चौथ्या हाकेला काम झाले. स्पॉटच्या ओळीत यातले काहीही लिहिलेले नसते.

माझा सल्ला एवढाच, की रोज पहिला अर्धा तास यादी बंद ठेवून डायल फिरवावा. यादीत यायच्या आधी सापडलेल्या स्टेशनसमोर रांग नसते.

घाटमाथा

काकांची हरकत मान्य आहे, पण थोडी दुरुस्ती सुचवतो. काकांचे घर समुद्राकाठी, नारळीच्या बागेत आहे आणि तिथे काटा एकवर असतो. कोथरूडमध्ये डायल फिरवला तर अर्धा तास लिफ्टच ऐकू येते. गोंगाटात बसलेल्या माणसाला कुठे कान लावायचा हे आधी कळले तर त्याच्या कानाला आधार मिळतो. कॉलसाइन ठाऊक असले की क्षीण सिग्नलही उलगडतो. अर्थात त्याच कारणाने, जे नाही ते ऐकू येण्याचा धोकाही असतो, आणि ४यू२ची गोष्ट त्यातलीच.

यादी बंद ठेवून मार्ग जोखायचा असेल तर आंतरराष्ट्रीय बीकन प्रकल्पाची १८ बीकन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सिग्नल पाठवणारी स्टेशने, ऐकावीत. १४.१०० मेगाहर्ट्झवर ती दर दहा सेकंदांनी पाळीपाळीने बोलतात आणि तीन मिनिटांत चक्र पूर्ण होते. कॉलसाइनमागून चार लांब डॅश येतात: १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि एकदशांश वॅट. श्रीलंकेचे ४एस७बी, केनियाचे ५झेड४बी, दक्षिण आफ्रिकेचे झेडएस६डीएन, पर्थचे व्हीके६आरबीपी ही आपल्या उपयोगाची. एखादे मधूनच बंद असते, तेव्हा ऐकू आले नाही म्हणून लगेच मार्ग बंद आहे असे समजू नये. तीन मिनिटे डोळे मिटून ऐकले की आज पश्चिमेला बसायचे की दक्षिणेला, हे ठरते.

कोथरूडचा नवा श्रोता

सर्वांचे मनापासून आभार. काका, डायलचा प्रश्न वर्मी लागला. उत्तर 'जवळजवळ कधीच नाही' असे आहे. स्वतःचा स्पॉट टाकण्याबद्दल मात्र कोणी बोलले नाही. आणि परवा ७.२०० मेगाहर्ट्झच्या वरच्या एका अमेरिकन स्टेशनच्या स्पॉटवर टिचकी मारली, तर सेट तिथे गेला आणि बोलायलाही तयार झाला. हे चालते का?

टिकटिक, सांगली

नाही, चालत नाही. ४० मीटरवर आपली हद्द ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ आहे. अमेरिकेत ती ७.३०० पर्यंत जाते. टिचकीने सेट जातो, परवाना जात नाही. ते स्टेशन स्प्लिट चालवत असेल आणि ७.२०० च्या खाली ऐकत असेल तर आपण आपल्या हद्दीत राहून उत्तर देऊ शकता, एरवी नुसते ऐकावे. सॉफ्टवेअरमध्ये बँडच्या मर्यादा भारतानुसार भरून ठेवाव्यात, म्हणजे असे स्पॉट दिसणारच नाहीत.

स्वतःच्या स्पॉटबद्दल असे आहे. डोंगरमाथ्यावरून किंवा उद्यानातून लहान सेटवर बोलणाऱ्यांच्या उपक्रमांसाठी स्वतंत्र स्पॉटफलक आहेत आणि तिथे स्वतःची वर्दी स्वतः देणे हीच रीत आहे, कारण बॅटरी संपण्याआधी लोकांनी यावे असा हेतू असतो. सर्वसाधारण डीएक्स क्लस्टरवर मात्र स्वतःचे नाव स्वतः टाकणे लोकांना रुचत नाही. सीडब्ल्यूवर तर गरजच नाही. सीक्यू दिले की फ्रँकफुर्टकरांचे यंत्र फुकटात दवंडी पिटते. स्पर्धेत नियम पाहूनच वागावे, कारण ते स्पर्धेगणिक वेगळे असतात आणि बदलतातही. सीक्यू वर्ल्ड वाइड या स्पर्धेत स्पॉटची मदत घेणाऱ्या एकट्या ऑपरेटरसाठी वेगळा गट आहे. क्लस्टर उघडा ठेवून मदत न घेणाऱ्यांच्या गटात लॉग धाडणे ही लबाडी ठरते. जिथे नियमांनी मनाई आहे तिथे मित्राला फोन करून 'माझा स्पॉट टाक' म्हणणे हीही तीच गोष्ट. क्लस्टरच्या नोंदी साठवलेल्या असतात आणि तपासणारे त्या पाहतात.

एक मात्र जरूर करावे: दुसऱ्यांचे स्पॉट पाठवावेत. घाटमाथा यांनी सांगितलेच आहे, की २२व्या झोनमधून पाठवणारे फार कमी आहेत. आपण सगळे नुसते घेतो, देत नाही, आणि मग पडदा कोरा म्हणून कुरकुरतो. कॉलसाइनची खात्री करून, किलोहर्ट्झचा दशांश नीट लिहून आणि स्टेशन किती वर ऐकते ते टिपेत देऊन पाठवलेला पुण्याचा एक स्पॉट हुबळीच्या माणसाला युरोपच्या पन्नास स्पॉटपेक्षा उपयोगी पडतो.

फ्रँकफुर्टकर

एक पुरवणी. क्लस्टरवर सूर्याचे आकडेही येतात; सौर प्रवाह (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचे प्रमाण) आणि के-निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ) एवढे दोन पाहिले तरी पुष्कळ. पुण्याहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा जवळचा मार्ग सायबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. के चार-पाचवर चढला की तो मार्ग आधी बसतो, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या स्पॉटमागे न धावता आफ्रिकेकडे वळावे. गंमत म्हणून सांगतो: पुण्याच्या थेट पायाखालची पृथ्वीपलीकडची जागा पॅसिफिकमध्ये, ईस्टर बेटापासून सुमारे हजार किलोमीटरवर पडते. त्या बेटाचा स्पॉट दिसला तर ॲन्टेना कुठे वळवावी याची काळजी करू नका. सगळ्या दिशांनी अंतर जवळपास सारखेच आहे. आपल्या बांबूला ही गोष्ट विशेष सोयीची.

कोथरूडचा नवा श्रोता

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. पाठवणाऱ्याच्या झोनची गाळणी लावली, फेराइटची कडी बसवली, बँडच्या हद्दी भरल्या. संध्याकाळी आता यादीत तीसेक ओळी येतात आणि त्यांतल्या दहा-बारा ऐकू येतात.

मुख्य बातमी गुरुवारची आहे. संध्याकाळी साडेसहाला आमच्या भागातली वीज गेली. सेट बॅटरीवर होता, राउटर मात्र नव्हता, त्यामुळे यादीही गेली. काटा सहावरून घसरत एकवर आला आणि मला पहिल्यांदाच कळले की २० मीटरचा बँड मुळात किती शांत असतो. १४.१०० वर केनियाचे बीकन दहा वॅटच्या डॅशपर्यंत ऐकू आले. मग काकांचे ऐकून १४.००० पासून वर सावकाश डायल फिरवत गेलो आणि १४.०२१ च्या आसपास सेशेल्सचे एक स्टेशन सीक्यू देत होते. कोणी उत्तर देत नव्हते. त्यांचे कॉलसाइन तीनदा ऐकले, कागदावर लिहिले, मग हाक मारली. दोन मिनिटे चांगल्या गप्पा झाल्या. माझ्या ॲन्टेनाचे वर्णन म्हणून 'बांबू' हा शब्द मी मोर्समध्ये पहिल्यांदाच पाठवला.

नंतर मोबाईलवरून क्लस्टरला जोडून मी माझा पहिला स्पॉट पाठवला. मिनिटभरात तिथे इतकी गर्दी झाली, की ते बिचारे दोन किलोहर्ट्झ वर ऐकू लागले आणि तरी अर्धे लोक त्यांच्या डोक्यावरच हाका मारत होते. थोडे अपराध्यासारखे वाटले.

निवृत्त ऑपरेटर, रत्नागिरी

वाटू द्या. त्यांना लोक हवे होते म्हणूनच ते सीक्यू देत होते.

टिकटिक, सांगली

अभिनंदन. स्पॉटमध्ये कॉलसाइन बरोबर टंकले होते ना?

कोथरूडचा नवा श्रोता

अंधारात टॉर्च लावून तीनदा तपासले. फ्रिक्वेन्सी मात्र एक किलोहर्ट्झने चुकली होती, ती एका दुबईकराने लगेच सुधारली. ७३ (शुभेच्छा).